यमुनेचे दुःख व तिचे सांत्वन

काही ग्रंथांच्या वाट्याला मान येतो आणि त्या मानापायीच त्यांचे वाचन बंद पडते. बाबा पदमनजी ह्यांचे 'यमुनापर्यटन' हा अशांपैकी एक ग्रंथ होय. १८५७ साली तो प्रसिद्ध झाला. मराठीतील पहिली कादंबरी कोणती हा प्रश्न निघाला, की कोणी त्याचे नाव घेतो, कोणी लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची १८६१ सालची 'मुक्तामाला' पुढे करतो, कोणी ऐतिहासिक कादंबरीचा मुद्दा काढून गुंजीकरांच्या 'मोचनगडा'कडे, म्हणजे १८७१ कडे, वळतो. वाद रंगतो, सनावळी पक्की होते, आणि पुस्तक मात्र कपाटात राहते. अमरावतीत जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे ह्यांनी मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा साक्षेपाने आढावा घेतला, त्यासही आता सत्तर वर्षे होऊन गेली. एवढ्या काळात 'यमुनापर्यटना'चे नाव घेणारे वाढले, वाचणारे वाढले नाहीत.

पहिलेपणाच्या वादात मला येथे शिरावयाचे नाही. माझा प्रश्न निराळा आहे. दुःखाने मोडून पडलेल्या माणसास श्रद्धा पुन्हा कशी उभी करते, हे दाखविण्याचा प्रयत्न एका ख्रिस्ती लेखकाने मराठी कथेत केला, तो प्रथम ह्या पुस्तकात. तो प्रयत्न कितपत साधला? न साधला असल्यास कोठे अडला? आणि पुढे ख्रिस्ती लेखनात तो कोणास साधला?

कोणी म्हणेल, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या मिशनरी वळणाच्या पुस्तकाची ही उठाठेव आज कशास? तर तिचे कारण ग्रंथालयात नाही, आमच्या वऱ्हाडात आहे. गेली पंचवीस-तीस वर्षे आमच्या जिल्ह्यांतून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता येत आहेत, आणि प्रत्येक वार्तेमागे बहुधा एक स्त्री मागे राहिलेली असते. तिला भेटावयास येणारे लोक रिकाम्या हाताने येत नाहीत. कोणी पोथी आणतो, कोणी एखाद्या महाराजांचे चरित्र, कोणी शुभवर्तमानाची प्रत, कोणी 'मन खंबीर कसे ठेवावे' ह्या धर्तीचे चोपडे. सांत्वनाचे वाङ्मय हा आमच्याकडे चर्चेचा नव्हे, वापराचा विषय झाला आहे. राजापेठेत आम्ही काही कुटुंबे पंधरा दिवसांनी एकत्र बसून वाचन करतो. तेथे एकदा 'यमुनापर्यटना'ची कथा मी सांगत होतो. श्रोत्यांत एक बाई होत्या. त्यांच्या यजमानांनी नापिकीच्या एका वर्षी आपले जीवन संपविले होते. यमुना विधवा झाली, पुढे तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला व तिचा पुनर्विवाह झाला, येथवर मी आलो तेव्हा त्या हळूच शेजारणीस म्हणाल्या, "इतक्या लौकर कसी सावरली वं हे?" धर्मांतराविषयी त्यांची तक्रार नव्हती, पुनर्विवाहाविषयी तर नव्हतीच. तक्रार होती ती वेळेची. मराठी कादंबरीवर मी पुष्कळ टीकालेख वाचले आहेत. ह्या एका वाक्याइतका नेमका आक्षेप मला त्यांत क्वचित आढळला.

आता पुस्तकाकडे वळू. त्याचे पूर्ण नाव 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असे आहे, आणि त्या नावातच त्याचे बळ व त्याचा दोष दोन्ही सामावलेले आहेत. पर्यटन ही यमुनेची गोष्ट. निरूपण हे लेखकाचे काम. यमुना ही शिकलेली मुलगी. तिचा पती विनायक समंजस आहे, आणि दोघांच्याही मनाचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे लागलेला आहे. ही दोघे प्रवासास निघतात आणि वाटेत त्यांस विधवा भेटत जातात. एकीची कहाणी संपते न संपते तोच दुसरी पुढे येते. केशवपन, उपासतापास, घरात मोलकरणीपेक्षा हलकी वागणूक, लोकलज्जेपायी दडविलेली पापे, ह्या साऱ्यांचा पट लेखक उलगडीत जातो. पुढे विनायकाचा अकाली अंत होतो आणि जिने इतक्या विधवा पाहिल्या ती यमुना स्वतःच त्यांच्यांतील एक होते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती तरुणाशी विवाह करते.

कथानकाची ही कल्पना सामान्य नाही. इतरांचे दुःख पाहत चाललेली स्त्री त्याच दुःखाच्या दारी येऊन उभी राहते, ही योजना कोणत्याही मोठ्या कादंबरीकारास शोभावी अशी आहे. आणि ती सुचली त्या वेळी पदमनजींचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते. समोर मराठी कादंबरीचा नमुना नव्हता. १८४१ साली हरि केशवजींनी बनियनच्या रूपककथेचे 'यात्रिक क्रमण' ह्या नावाने भाषांतर केले होते, त्यामुळे यात्रेच्या रूपाने श्रद्धेची कथा सांगण्याची रीत मराठी ख्रिस्ती वाचकांस ठाऊक झाली होती. परंतु बनियनचा यात्रेकरू स्वर्गाच्या वाटेने चालतो. पदमनजींची यमुना महाराष्ट्राच्या वाटेने चालते. रूपकातून ह्या मातीवर उतरणे ही उडी लहान नव्हे. तिचे श्रेय पदमनजींस अद्याप पुरते मिळालेले नाही.

प्रवासाच्या ह्या भागात पुस्तक जिवंत आहे. तेथे यमुना ऐकते. कोण्या विधवेने आपले गाऱ्हाणे सांगावे आणि दुसऱ्या स्त्रीने ते मध्येच न तोडता ऐकून घ्यावे, एवढी साधी गोष्ट तोवर मराठी गद्यात कोणी मांडली नव्हती. ह्या गाऱ्हाण्यांची भाषा घरगुती आहे, बायकांच्या तोंडी शोभणारी आहे. पुढे १८६० साली 'शब्दरत्नावली' हा कोश तयार करणाऱ्या लेखकाचा कान किती तयार होता, ह्याची साक्ष तेथे पटते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. म्हणजे पुस्तक निघाले तेव्हा त्याची शाईही नीट वाळलेली नव्हती. कायद्याने दार उघडले होते, पण त्या दारातून बाहेर पाऊल टाकणाऱ्या स्त्रीस घेऊन जावयाचे कोठे, ह्याचे उत्तर हिंदू समाजात कोणापाशी नव्हते. विष्णुशास्त्री पंडितांची पुनर्विवाहाची चळवळ उभी राहावयास अजून काही वर्षे होती. तेव्हा पदमनजींनी यमुनेस ख्रिस्ती मंडळीच्या आश्रयास नेले, तो केवळ प्रचार म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल. बाहेर पडलेल्या विधवेस छप्पर, भाकरी व नाव देणारे ठिकाण त्या काळी तेवढेच त्यांच्या नजरेसमोर होते.

पण येथेच निरूपणकार कादंबरीकारावर मात करतो. आपल्याकडील कीर्तनात पूर्वरंग व उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण होते, उत्तररंगात आख्यान लागते, आणि जाणता कीर्तनकार एकदा आख्यान रंगले की तत्त्वाची आठवण फार वेळ देत बसत नाही; ते काम तो आख्यानावरच सोपवितो. पदमनजींनी उलट केले. आख्यान आधी रंगविले, आणि ते ऐन भरात आले असता, यमुना स्वतः विधवा झाली असता, निरूपणाची टाळी वाजविली. वैधव्य व नवा संसार ह्यांमधील काळ त्यांनी हात आखडून लिहिला आहे. वास्तविक आतापर्यंतच्या साऱ्या प्रवासाची कसोटी येथेच लागावयाची होती. दुसऱ्यांच्या दुःखाविषयी इतके शहाणपण मिळविलेल्या ह्या स्त्रीस स्वतःच्या दुःखात त्यातले किती कामास आले? विनायकाबरोबर मिळून तिने ज्या ईश्वराची भक्ती केली, त्याच ईश्वराने विनायकास नेले, हा विचार तिच्या मनात एकदाही आला नसेल काय? एकदा तरी तिने त्याच्याशी भांडण केले नसेल काय? लेखक ह्या वाटेला फिरकत नाही. दुःख हा त्याच्या सिद्धान्ताचा पूर्वपक्ष होता. पूर्वपक्ष मांडून झाला, आता उत्तरपक्षाकडे जावयाचे, असा त्याचा घाईचा पवित्रा दिसतो. त्यामुळे यमुनेचा दुसरा विवाह आपणांस पटतो तो सामाजिक न्याय म्हणून. तिच्या मनाची ती गती म्हणून नव्हे.

ह्यात विशेष हे की, माणसाचे मन असे झटपट वळत नाही हे पदमनजींस पुरते ठाऊक होते. १८८८ साली त्यांनी 'अरुणोदय' हे आत्मचरित्र लिहिले. त्यात त्यांची स्वतःची हकीकत आहे: परमहंस सभेत वावरलेला, जुन्यावरचा विश्वास उडालेला, नव्याकडे ओढलेला, आणि तरीही घरच्यांच्या दुःखाच्या भयाने पाऊल अडलेला तरुण. १८५४ साली बेळगावास त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो अनेक वर्षांच्या ओढाताणीनंतर. जी ओढाताण त्यांनी स्वतः सोसली, तिचा चतुर्थांश जरी यमुनेस दिला असता तर पुस्तकाचे नशीब पालटले असते. आत्मचरित्र लिहिताना ते साक्षीदार होते, कादंबरी लिहिताना वकील झाले. वकिलास आपल्या अशिलाचा संशय परवडत नाही.

ही खोड एकट्या पदमनजींची किंवा एकट्या त्यांच्या काळाची नव्हे. अमेरिकेत आज ख्रिस्ती कादंबरी हा स्वतंत्र व्यापार आहे, आणि आघात व त्यातून श्रद्धेने सावरणे हा त्यातील हुकमी विषय आहे. विल्यम पॉल यंग ह्यांची 'द शॅक' ही २००७ साली निघालेली कादंबरी जगभर खपली. लहान मुलीची हत्या झालेल्या एका बापास, जेथे त्या हत्येच्या खुणा सापडल्या त्याच झोपडीत देव भेटतो आणि त्याच्याशी बोलतो. बापाचा संताप सुरुवातीला खरा आहे. देवास कृष्णवर्णी स्त्रीच्या रूपाने स्वयंपाकघरात उभे करण्याची कल्पनाही ताजी आहे. परंतु वर्षानुवर्षे साचलेले दुःख एका शनिवार-रविवारच्या संभाषणात वितळते, आणि आमच्या राजापेठेतील त्या बाईंचा प्रश्न तेथेही जसाच्या तसा विचारता येतो. मनोवैद्यकाचेही ह्या बाबतीत म्हणणे निराळे नाही. जूडिथ हर्मन ह्या अमेरिकन विदुषीने १९९२ सालच्या आपल्या ग्रंथात आघातातून सावरण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: आधी सुरक्षितता, मग घडल्याची आठवण व त्याचा शोक, आणि मग पुन्हा जगाशी नाते. पदमनजींनी यमुनेस पहिल्या पायरीवरून उचलून थेट तिसरीवर बसविले. मधली पायरी शोकाची. ती गाळली की जिना चढल्यासारखा दिसतो, पण चढणारे पाऊल दिसत नाही.

मला अधिक आश्चर्य वाटते ते ह्याचे, की ख्रिस्ती शास्त्र स्वतः इतके उतावळे नाही. ईयोबाच्या ग्रंथात त्याचे मित्र त्याच्या समाचारास येतात आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. त्याचे दुःख पाहून कोणी एक शब्दही बोलत नाही. तोवर ते खरे मित्र आहेत. पुढे ते तोंड उघडून कारणमीमांसा करू लागतात आणि तेथून त्यांचे चुकते. 'यमुनापर्यटना'चा पूर्वार्ध म्हणजे ते सात दिवस. उत्तरार्ध म्हणजे पुढची मीमांसा. तसेच योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थान झालेला ख्रिस्त शिष्यांस भेटतो तो हातांवरच्या व कुशीतल्या घावांसह. मरणास जिंकलेल्या देहावरूनही खिळ्यांच्या खुणा पुसल्या गेल्या नाहीत, असे ज्या धर्माचे शास्त्र सांगते, त्या धर्माच्या कथाकाराने आपल्या नायिकेच्या अंगावर एक व्रणही शिल्लक ठेवू नये, ह्यास काय म्हणावे? टीकाकार म्हणून मी 'यमुनापर्यटना'वर ते फार ख्रिस्ती आहे असा आरोप करीत नाही. माझी तक्रार अशी की ह्या एका बाबतीत ते पुरेसे ख्रिस्ती नाही.

ह्याच विषयाकडे दोघांनी पुढे अगदी भिन्न वाटांनी पाहिले. हरि नारायण आपटे ह्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणुका'त येऊ लागली. तिची नायिकाही यमूच. नावाचा हा योग आपट्यांनी बुद्ध्या साधला की नाही ह्या खोलात मी जात नाही, परंतु दोन यमुना शेजारी ठेवून पाहाव्या अशा आहेत. पदमनजींची यमुना दुसऱ्यांच्या कहाण्या ऐकते. आपट्यांची यमू स्वतःची सांगते. तिला पतीचे प्रेम मिळाले होते, शिक्षणाची गोडी लागली होती. पती जातो, केशवपन बळजबरीने होते, आणि तिच्या दुःखास अखेरपर्यंत उतार पडत नाही. आपट्यांनी औषध दिले नाही, म्हणूनच त्यांचे रोगनिदान वाचकाच्या काळजास भिडले. परंतु औषध न देणे सोपे असते, हेही येथे नमूद केले पाहिजे. निराशेचे चित्र खरे वाटावयास फारसे प्रमाण लागत नाही. आशेचे चित्र खरे वाटावयास ते पदोपदी द्यावे लागते. पदमनजींनी अवघड काम पत्करले आणि ते त्यांच्या हातून निसटले. आपट्यांनी ते पत्करलेच नाही.

दुसरी वाट कृपाबाई सत्यनाधन ह्यांची. ह्या मूळच्या अहमदनगरच्या खिस्ती घराण्यातल्या. आईबाप ब्राह्मणांतून ख्रिस्ती झालेले, वडील भाऊ भास्कर अकाली गेलेला, वैद्यकी शिकावयास मद्रासेस गेल्या असता प्रकृती ढासळलेली, आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, १८९४ साली, मृत्यू. त्यांनी इंग्रजीत लिहिले म्हणून मराठी टीकेने त्यांस बहुधा परक्या मानले आहे. ही आपली हानी आहे. 'सगुणा' ही त्यांच्याच आयुष्यावरची कथा, आणि भावाच्या मृत्यूचा घाव हे तिचे मर्मस्थान. 'कमला' ही १८९४ सालची कादंबरी हिंदू विधवेची. तिच्यापुढे प्रेमाचा व पुनर्विवाहाचा प्रस्ताव येतो, आणि ती तो नाकारते. ख्रिस्ती लेखिका आपल्या विधवा नायिकेस ना बाप्तिस्मा देते, ना दुसरा पती! कमला हिंदूच राहते आणि दीनदुबळ्यांच्या सेवेत आयुष्य वेचते. जन्मभर अंगात मुरलेला संस्कार स्वतःस पटेनासा झाला तरी हात धरून मागे ओढतो, हे कृपाबाईंस पदमनजींपेक्षा अधिक कळले होते. तथापि मला त्या शेवटाचेही पूर्ण समाधान होत नाही. सेवेची ती वाट इतकी प्रशस्त व उजळ रंगविली आहे की तिच्यावरही विवाहाच्या शेवटासारखाच एक गोड मुलामा चढतो. कमला उपाशी कधी होती? तिच्या सेवेचा शिधा कोठून येई? हे प्रश्न कादंबरीत येत नाहीत, आणि विधवेच्या बाबतीत ते टाळून चालत नाही. पंडिता रमाबाईंस ते टाळता आले नाहीत. १८८९ साली त्यांनी शारदासदन काढले आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात फिरून अनाथ मुली व विधवा केडगावास आणल्या, तेव्हा त्यांस प्रार्थनेबरोबर दळणाचा, मागाचा आणि छापखान्याचाही विचार करावा लागला. पुढच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळात आमचे वऱ्हाडही होरपळले. कथाकारांस न दिसलेली भाकरी संस्थाचालकांस दिसली, ती भुकेच्या ह्या वर्षांत.

मग ही कथा मराठीत साधली कोणास? माझ्या मते ती ज्या पुस्तकात साधली ते कादंबरीच नव्हे. लक्ष्मीबाई टिळक ह्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. त्यांचे कौतुक विनोदासाठी, सहज भाषेसाठी, रेव्हरंड टिळकांच्या चरित्राचे साधन म्हणून पुष्कळ झाले आहे. परंतु आघात व त्यातून सावरणे ह्या सूत्राने ते पुस्तक वाचले तर त्याची बांधणी निराळीच दिसू लागते, आणि ती बांधणी लक्ष्मीबाईंनी योजून केलेली नसावी ह्यामुळे तर ती अधिकच विश्वासार्ह वाटते.

पुस्तकाच्या आरंभीच एक फाशी आहे. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील सत्तावनच्या बंडाच्या प्रकरणात फासावर गेले. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांस सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावयाचे, इतक्या थराला ते गेले. लक्ष्मीबाई हे सांगतात आणि वाचक हसतो. हसू ओसरल्यावर ध्यानात येते की हे घर भयाने पछाडलेले होते, आणि त्या भयाचा जाच घरातल्या बायकामुलांनी वर्षानुवर्षे सोसला. एका पिढीवर झालेला आघात दुसऱ्या पिढीच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या रूपाने उतरतो, ही गोष्ट आजच्या मनोवैद्यकाने मोठ्या शब्दांत सांगितली असती. लक्ष्मीबाईंनी ती मिठाच्या पाण्यात विरघळवून सांगितली. 'यमुनापर्यटन' ज्या सत्तावन सालचे, त्याच सत्तावनच्या धामधुमीत ह्या घराचे दुःख रुजले. एका पुस्तकात दुःखावरचा उपाय त्या वर्षी छापून निघाला. दुसऱ्यात तोच उपाय सापडावयास चाळीसाहून अधिक वर्षे लागली, आणि सापडला तेव्हा तो तसाच राहिला नव्हता.

१८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. पती जिवंत आणि तरी हातचा गेलेला, अशा ह्या अवस्थेस आपल्या भाषेत शब्दच नाही. वैधव्याला निदान शब्द आहे, विधी आहे, लोकांचे येणेजाणे आहे. ह्या काळाचे लक्ष्मीबाईंनी केलेले वर्णन वाचताना मला 'यमुनापर्यटना'तील गाळलेली पाने आठवतात. ती जणू येथे सापडतात. रडणे आहे, भ्रमिष्टपणाच्या सीमेवर जाणे आहे, नातेवाइकांच्या घरांतून राहणे आहे, ह्याच दिवसांत आपोआप सुचू लागलेली कविता आहे, आणि मध्येच एखादी अशी फजिती आहे की डोळ्यांत पाणी असता वाचक हसतो. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परततात, त्या मोठा साक्षात्कार होऊन नव्हे. नवरा आपला आहे म्हणून परततात. आणि आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी वेगळे ठेवून परततात. एका छपराखाली दोन धर्म व दोन चुली! टिळकांनी तेथे घाई केली नाही, हे त्यांच्याकडून ह्या कथेस मिळालेले सर्वांत मोठे दान होय. पदमनजींस यमुनेच्या बाबतीत जे जमले नाही ते टिळकांस लक्ष्मीबाईंच्या बाबतीत जमले: त्यांनी वाट पाहिली.

आणि बदल कोठे घडतो? पाण्यापाशी. जात देवाने केली की माणसाने, ह्याचा लक्ष्मीबाई आपल्याच मनाशी खल करतात आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय करतात. हा निश्चय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. १९०० सालचा त्यांचा बाप्तिस्मा पुस्तकात येतो तो पुढचे पाऊल म्हणून. तट फुटला तो आधीच. बापाच्या घरी ज्या पाण्याने सारे जग धुऊन काढले जाई, त्याच पाण्याचा एक पेला परक्याच्या हातून घेताच त्या घराचे भय लेकीच्या अंगावरून उतरते. श्रद्धा येथे प्रवचनातून येत नाही, युक्तिवाद जिंकून येत नाही. तहान लागल्यावर जी येते तिचा हा प्रकार आहे. कोणताही कादंबरीकार हा प्रसंग मुद्दाम रचता तर त्याची जुळणी डोळ्यांत खुपली असती. लक्ष्मीबाई दोन टोके जुळवून दाखवीत नाहीत. वडिलांचे वेड पहिल्या प्रकरणात सोडून त्या पुढे निघून जातात. जुळणी वाचकाने करावयाची.

एक शंका येथे घेतली जाईल. 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र. तेथे घडलेले सांगावयाचे. 'यमुनापर्यटन' ही कल्पित कथा, तेथे घडवावयाचे. दोहोंची तुलना न्याय्य आहे काय? मला ती न्याय्य वाटते, कारण दोन्ही पुस्तके एकाच गोष्टीविषयी वाचकाचा विश्वास मागतात. घडलेले आहे एवढ्यावरून वाचक विश्वास ठेवीत नसतो. धर्मांतराच्या कितीतरी सत्य हकीकती मिशनांच्या मासिकांत छापल्या गेल्या आणि त्या 'यमुनापर्यटना'च्या शेवटाहूनही अधिक बनावट वाटतात. लक्ष्मीबाईंवर विश्वास बसतो तो त्या बरे झालेले जितक्या मोकळेपणी सांगतात, तितक्याच मोकळेपणी न बरे झालेलेही सांगतात म्हणून. नव्या धर्मात आल्यावरही त्यांचा संसार ओढाताणीचाच राहिला. टिळकांचा तापट व उधळा स्वभाव पालटला नाही; घरात दमडी नसताना पाहुणे आणण्याची त्यांची रीतही पालटली नाही. ईश्वरावर श्रद्धा आणि नवऱ्यावर राग ही दोन्ही त्या एकाच ओळीत नांदवितात. ख्रिस्ती कथाकारांनी त्यांच्यापासून काही उचलावे तर ते हे. श्रद्धेस पुस्तकात एकटी बसवू नये. तिच्या शेजारी राग, कंटाळा, हसू, दारिद्र्य ही सारी मंडळी बसू द्यावी.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. लक्ष्मीबाई विधवा झाल्या, पण यमुनेचा प्रश्न त्यांच्यापुढे निराळ्या रूपाने आला. येथे पुनर्विवाह नव्हता, आश्रमही नव्हता. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावरील 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभून अकरा अध्यायांवर अर्धवट सोडले होते. ज्या बाईस शाळा ठाऊक नव्हती, जिच्या कवितेचा उगम नवऱ्याने सोडून दिल्याच्या दुःखात झाला, तिने त्याच नवऱ्याचे काव्य पुढे चालविले आणि त्यास चौसष्ट अध्याय जोडले. १९३६ साली त्या गेल्या. शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्त टिळकांनी, लिहिला.